पाठमोरी

ट्रेलरच्या दारावरच्या यादीत लिहिलंय:
फळी क्रमांक चार, गॅलन.
म्हणजे मी.
चाकांवर उभं आठ फुटी प्लायवूड, पुढून रंगवलेलं वादळ,
मागून उघडं लाकूड, दोन टेकू, वाळूच्या पिशव्या,
आणि कॅन्ससच्या खऱ्या वाऱ्याला खांदा देऊन
वाकून उभा एक ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस.
फुटबॉलच्या मध्यंतरात आठ मिनिटं
मी कुणाला दिसत नाही.
दिसायचं नसतंच.

वेरेना मेलोफोन वाजवते.
ऑगस्टमध्ये पिकअपमध्ये चढताना तिने अटी सांगितल्या:
ये, पण हात हलवू नकोस.
माझं नाव घेऊन ओरडू नकोस.
चुकलं तर छान झालं म्हणू नकोस.
आणि ती टोपी घालू नकोस.
मी टोपी काढून डॅशबोर्डवर ठेवली.
पुढचे अकरा मैल कुणीच तोंड उघडलं नाही,
धान्याची कोठारं तेवढी एकेक करून मागे गेली.

बाकीचेही आपापल्या जागी असतात.
रोसाउरा मांसाच्या कारखान्यातली पाळी संपवून येते
आणि पँटींच्या दुमडी उसवत बसते,
कारण पोरं उन्हाळ्यात मक्यासारखी वाढतात
आणि गणवेश पंधरा वर्षांपूर्वीच वाढायचे थांबलेत.
कोटांच्या अस्तरात जुन्या मुलांची नावं आहेत, शाईने.
त्यातला एक आता आमचे दात काढतो.
अर्लीन नाचोजवर चीज ओतते, हिशेबात एक डॉलर चुकत नाही.
एकदा आम्ही सगळ्यांनी मिळून जिममध्ये गाद्या विकल्या.
हो, गाद्या.
त्यातून एक सूसाफोन आला, नवा कोरा,
आणि माझ्याकडे एक गादी उरली.

तीन महिने मी माझ्या मुलीला पाहिलं
ते दोन फळ्यांमधल्या फटीतून, पाठमोरी.
शेवटी मुलं आमच्याकडे वळतात,
पण नेमकी तेव्हाच फळी फिरवायची असते,
वादळाचं निळं आकाश करायचं असतं,
मान खाली, डोळे चाकांवर.
तर मला ठाऊक आहे ते एवढंच:
तिची डावी टाच अंमळ उशिरा टेकते.
अवघड सूर यायच्या आधी खांदे कानांपाशी जातात,
लागला की उतरतात.
मला सुरांतलं काही कळत नाही.
खांद्यांतलं कळतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी वारा पडला.
झेंडासुद्धा ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता.
दुओंगसाहेब म्हणाले, जा, चार नंबर मी बघतो.
कुंपणाला वळसा घालून मी पायऱ्या चढलो,
धाप लागली, टोपी काखेत धरली.

बहात्तर मुलं.
भुवयांपर्यंत टोप्या, हनुवटीला पट्टे, ओठांवर पितळ.
पहिली रांग शोधली. तिसरी शोधली.
एकीवर नजर ठरली, ऊर भरून आला,
ती अर्लीनची मुलगी निघाली.
शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमचं कोणतं?
म्हटलं, थांबा जरा.

मग अख्खा ताफा एका ठोक्यात वळला,
आमच्याकडे पाठ करून,
आणि डावीकडून पाचवी टाच
अंमळ उशिरा टेकली.
ती, मी म्हणालो. ती पलीकडे तोंड असलेली.

घरी जाताना, कोठारं उलट्या क्रमाने येत असताना,
ती म्हणाली, आज तू मागे नव्हतास.
तुला कसं कळलं?
वळलं की फळीखाली बूट दिसतात, ती म्हणाली.
आज दुसऱ्याच कुणाचे होते. चकचकीत.
आणि खिडकीबाहेर बघू लागली.

पुढच्या शुक्रवारीही वारा नव्हता.
दुओंगसाहेबांनी पुन्हा विचारलं. नको म्हटलं.
बुटांना ग्रीस लागलं होतं, एका टाचेला चिखल.
पुसणार होतो.
राहू दिलं.